पुरुषांचा स्तनकर्करोग : उपचारानंतरचे पथ्य

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मुलांच्या अभ्यासाविषयी, वृद्धांच्या सेवेविषयी अथवा घरातील मतभेदांविषयी असतात. गेल्या महिन्यात एका भगिनीचे जे पत्र आले ते मात्र निराळ्या प्रकारचे आहे. त्या लिहितात की, त्यांच्या मामंजींच्या छातीवर तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. गाठ स्तनाच्या कर्करोगाची होती. परंतु घरात तिला 'छातीतली गाठ' एवढेच म्हणतात. डॉक्टरांनी पाच वर्षे घ्यावयास सांगितलेली गोळी मामंजींनी गेल्या दिवाळीपासून आपणहून बंद केली आहे, तपासणीस जाण्याचे ते टाळतात, आणि कोणी आग्रह केलाच तर 'आता मला काय धाड भरली आहे?' असे विचारतात. सासूबाई गप्प आहेत. थोरल्या वन्सं लग्न होऊन परगावी आहेत, धाकट्या वन्संच्या लग्नाची बोलणी चालू आहेत; या कारणास्तव दोघींनाही खरा रोग कोणता हे कळू दिलेले नाही. "यात सुनेने बोलावे काय, आणि बोलावयाचे तर काय बोलावे?" असा या भगिनींचा प्रश्न आहे.

मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य शब्दरूपे व संधी शिकविण्यात गेले. तथापि माझ्या एका जुन्या सहाध्यापकांस हाच रोग झाला. त्यांच्याबरोबर इस्पितळाच्या पायऱ्या मी अनेकदा चढलो आहे, आणि त्या निमित्ताने पुष्कळ वाचन व विचारपूसही झाली आहे. पत्रातील प्रश्न एकाच घरचा असता तर मी खाजगी उत्तर धाडले असते. परंतु पुरुषाच्या या रोगाविषयी आपल्या घरांत जे मौन पाळले जाते त्यामुळे रोग्याची हानी होतेच, शिवाय त्याच्या लेकींचीही होऊ शकते; म्हणून येथे उघडपणे लिहीत आहे.

पुरुषास हा रोग होतो हेच मुळी पुष्कळांना पटत नाही. वस्तुतः वयात येईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या छातीतील ग्रंथींची रचना जवळजवळ सारखीच असते. पुढे मुलींत ती वाढीस लागते, मुलांत खुंटते. खुंटते म्हणजे नाहीशी होते असे नव्हे. स्तनाग्राखाली दुग्धनलिकांचा एक लहानसा पुंजका पुरुषासही जन्मभर असतो, आणि जेथे नलिका आहे तेथे तिच्यातील पेशी बिघडण्याचा संभव आहे. स्तनकर्करोगाच्या दर शंभर रोग्यांत सुमारे एक पुरुष असतो. बहुधा त्याने साठी गाठलेली असते. वंशागत दोष, यकृताचे जुने दुखणे, स्थूलता, पूर्वी छातीवर घेतलेले किरणोपचार, अथवा क्लाइनफेल्टर नावाची जन्मजात अवस्था यांमुळे हा संभव वाढतो. परंतु यांपैकी काहीही नसलेल्या गृहस्थासही तो होतो. गाठ प्रायः दुखत नाही. दुखत नाही म्हणून दाखवीत नाहीत, आणि पुरुषाच्या छातीस मांस थोडे असल्यामुळे रोग लवकर त्वचेपर्यंत व खालच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. म्हणून बहुतेकांचा तो सबंध भाग काढावा लागतो. काखेतील ग्रंथी तपासून जरूर तर काढतात, आणि रोगाच्या प्रमाणानुसार किरणोपचार व शिरेतून द्यावयाची तीव्र औषधे यांची योजना करतात. हे सर्व सहा-आठ महिन्यांत आटोपते. जखम भरते, केस पुन्हा उगवतात, भेटीस येणारी मंडळी येईनाशी होतात, आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. पत्रातील मामंजी या ठिकाणी आहेत.

सुश्रुताने स्तनरोगांचे वर्णन केले आहे ते स्त्रियांच्या संबंधाने. परंतु अर्बुदाच्या प्रकरणात त्याने एक गोष्ट सांगून ठेवली आहे ती येथे सांगण्याजोगी वाटते. पूर्वी झालेल्या अर्बुदावर पुन्हा दुसरे उद्भवते त्यास त्याने 'अध्यर्बुद' असे निराळे नाव दिले आहे. आणि चिकित्सास्थानात म्हटले आहे की अर्बुदाचा अंश मागे राहिला तर मागे राहिलेल्या अग्नीप्रमाणे ते पुन्हा वाढून प्राण घेते. सर्व काही आमच्या ग्रंथांत होतेच असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. सुश्रुतास पेशी ठाऊक नव्हती, आणि शस्त्राला न दिसणारा अंश औषधाने कसा आवरावा हेही ठाऊक नव्हते. तो अंश शिल्लक असू शकतो, एवढे मात्र त्याने नीट पाहिले होते.

आजचे शास्त्र याहून पुढची एक गोष्ट सांगते. पुरुषांच्या स्तनकर्करोगापैकी दर दहांत नऊंहून अधिक रोग असे असतात की त्यांच्या पेशी इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकावर पोसल्या जातात. हे संप्रेरक स्त्रियांचे म्हणून प्रसिद्ध असले तरी पुरुषाच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असते. अशा प्रकारच्या रोगाचा स्वभाव मंद पण चिवट असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो उलटला नाही म्हणजे गेला, असे याच्या बाबतीत म्हणता येत नाही. स्त्री-रोग्यांच्या अनेक चाचण्यांचे जे मोठे संकलन २०१७ साली प्रसिद्ध झाले त्यात, पाच वर्षे गोळी घेऊन झाल्यानंतरही विसाव्या वर्षापर्यंत रोग परत येण्याचे थांबत नाही, असे दिसून आले. पुरुष-रोगी संख्येने थोडे, त्यामुळे त्यांच्यावर स्वतंत्र चाचण्या फारच अल्प झाल्या आहेत; स्त्रियांवरून सिद्ध झालेले बहुतेक ज्ञान त्यांना लावावे लागते. पण रोगाचा हा स्वभाव दोघांतही आढळतो.

आता त्या गोळीविषयी. तिचे नाव टॅमॉक्सिफेन. १९६२ साली इंग्लंडातील आय.सी.आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती प्रथम तयार केली. गंमत अशी की शोध चालला होता संततिनियमनाच्या औषधाचा. त्या कामी ती उपयोगी पडली नाही, आणि पुढे स्तनकर्करोगावर तिचा गुण दिसून १९७३ साली ब्रिटनमध्ये तिला मान्यता मिळाली. इस्ट्रोजेन ज्या ठिकाणी पेशीस चिकटते ती जागा ही गोळी आधीच अडवून धरते. पेशीचे पोषण तुटते. पूर्वी याच कार्यासाठी काय करावे लागे ते सांगतो. १९४२ साली फॅरो व अडेअर या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी, पुरुषाच्या हाडांत पसरलेला स्तनकर्करोग अंडकोश काढून टाकल्याने मागे हटतो, असे प्रसिद्ध केले, आणि पुढे कित्येक वर्षे तोच उपाय चालू राहिला. दररोज एक लहानशी गोळी घेण्यास कंटाळणाऱ्या गृहस्थांनी हा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

तिचा गुण केवढा? स्त्रियांच्या चाचण्यांवरून असे सिद्ध झाले आहे की पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पुढील पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात. म्हणजे गोळी पाच वर्षे घ्यावयाची, आणि तिचे फळ ती संपल्यावरही पुढे दहा वर्षे मिळत राहते. ज्यांचा रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचला होता, अथवा अन्य कारणाने ज्यांस धोका अधिक आहे, त्यांस ती सोसत असल्यास आणखी पाच वर्षे चालू ठेवण्याचा सल्ला देतात. ती महागही नाही. कर्करोगाच्या औषधांत तिच्याइतकी स्वस्त औषधे फार थोडी.

असे असता पुरुष ती सोडतात का? चीनमधील ११६ पुरुष-रोग्यांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. वर्ष संपले तेव्हा शंभरांत सुमारे पासष्टजण गोळी नियमित घेत होते. पाचव्या वर्षाअखेर अठराच्या आसपास उरले. तेव्हा पत्रातील मामंजी काही जगावेगळे नव्हेत. सोडण्याची कारणेही सर्वत्र सारखीच आढळतात, आणि ती कारणे अशी आहेत की बापाने ती मुलाजवळ किंवा सासऱ्याने सुनेजवळ बोलावी, ही अपेक्षाच करता येत नाही. अंगातून एकाएकी वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री झोपमोड होते. वजन वाढते. स्वभाव चिडचिडा अथवा उदास होतो. कामेच्छा मंदावते. साठ-पासष्टीच्या गृहस्थास हे शेवटचे विचारण्याचे कोणास सुचत नाही, आणि त्याला स्वतःला सांगण्याची लाज वाटते. मग तो एक दिवस 'गोळी उष्ण पडते' म्हणून सोडून देतो. गोळीबरोबरच्या चिठोऱ्यावर पाळी व गर्भाशय यांचीच चर्चा असते, तेही त्याला बोचते. हे माझ्या मित्राने मला स्वतः सांगितले.

यावर उपाय आहेत, पण ते डॉक्टरांस कळल्यावाचून होत नाहीत. वाफांचा व निद्रानाशाचा बंदोबस्त करता येतो. उदासीनतेवर औषध देता येते. मात्र येथे एक सावधगिरी ठेवावी लागते. फ्लुओक्झेटिन व पॅरोक्झेटिन ही मन उल्हसित करणारी औषधे टॅमॉक्सिफेनचे शरीरात कार्यकारी रूपांतर होऊ देत नाहीत, म्हणून उदासीनतेसाठी दुसऱ्या कोणा डॉक्टरांकडे गेल्यास या गोळीचे नाव त्यांस आधी सांगितले पाहिजे. टॅमॉक्सिफेन खरोखरच सोसत नसेल तर अंडकोशाचे कार्य थांबविणारे इंजेक्शन व अन्य गोळी यांची जोडी देता येते; तीत हाडे विरळ होण्याची भीती असते, म्हणून त्यांवर लक्ष ठेवावे लागते. पौरुष परत आणण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा लेप मात्र अशा रोग्याने घेऊ नयेत. शरीर त्याचेच इस्ट्रोजेन बनविते. वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहून मागविलेल्या शक्तिवर्धक पुड्यांत काय असते हे ती विकणाऱ्यासही ठाऊक नसते. त्यांपासून शंभर हात दूर राहावे.

गोळीचा एक दुष्परिणाम दुर्मिळ आहे पण तो घरातील प्रत्येकास ठाऊक असावा. तिच्यामुळे शिरांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा एकाएकी धाप लागून छातीत कळ आली, तर 'वात धरला' म्हणून तेल चोळीत बसू नये. तत्काळ इस्पितळ गाठावे. लांबचा प्रवास व मोठी शस्त्रक्रिया यांपूर्वी डॉक्टरांस विचारावे. मोतीबिंदूही या गोळीने लवकर येऊ शकतो, तेव्हा दृष्टी मंद झाल्यास केवळ वयावर घालू नये.

तपासणीचा क्रम सोपा आहे. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी, आणि नंतर आयुष्यभर वर्षातून एकदा. डॉक्टर व्रणाची जागा, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडावरील खळगा आणि दुसऱ्या बाजूची छाती हातांनी चाचपून पाहतात आणि प्रश्न विचारतात. एवढीच ती मुख्यतः असते. ज्यांची छाती राखून फक्त गाठ काढली आहे त्यांनी त्या बाजूचे मॅमोग्राफी नावाचे क्ष-किरण चित्र दरवर्षी घ्यावे. ज्यांच्यात वंशागत दोष सापडला आहे त्यांस दुसऱ्या बाजूचेही घेण्याचा सल्ला देतात. याहून अधिक काही दिसत नसताना दर सहा महिन्यांनी सर्वांगाचे स्कॅन व रक्तातील 'मार्कर' करून घेण्याचा हल्ली जो प्रघात पडला आहे, त्याने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. परदेशी असलेले चिरंजीव पैसे पाठवितात आणि 'एकदा सगळे तपासून टाका' म्हणतात. तो पैसा गोळ्यांस, प्रवासास आणि हाताच्या व्यायामास लावावा. लक्षण दिसले म्हणजे गोष्ट निराळी. व्रणाजवळ नवा दाणा, आठवड्यांमागून आठवडे न जाणारे हाडांचे दुखणे, कोरडा खोकला, धाप, कावीळ, सतत डोकेदुखी, कारणावाचून घटणारे वजन, यांपैकी काही झाल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ज्यांस हृदयावर ताण पाडणारी औषधे अथवा डाव्या छातीवर किरण दिले आहेत त्यांच्या हृदयाचीही मधूनमधून विचारपूस झाली पाहिजे.

हाताविषयी थोडे. काखेतील ग्रंथी काढल्यावर त्या हातातील रसाचा निचरा मंदावतो, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनीही हात सुजू शकतो. अंगठी घट्ट होणे, घड्याळाचा पट्टा रुतणे, सदऱ्याची बाही एकाच बाजूस तंग होणे, ही आरंभीची खूण. लवकर दाखविल्यास विशिष्ट मर्दन, ताणाची बाही व व्यायाम यांनी सूज आवरता येते. उशीर केल्यास ती घर करते. त्या हातास बागेत काम करताना काटे-खरचटे लागू देऊ नये, लागल्यास लगेच धुवावे. लाली येऊन ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मात्र त्या हाताने काहीच उचलावयाचे नाही ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. हळूहळू वाढवीत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने अपाय होत नाही असे दिसून आले आहे.

शरीराचे हे झाले. पण शरीराहून अवघड जी गोष्ट आहे तीविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

माझे मित्र धिप्पाड देहाचे, पोहण्याचे शौकीन. शस्त्रक्रियेनंतर त्यांची छाती एका बाजूस सपाट झाली, स्तनाग्र नाहीसे झाले, आणि काखेपर्यंत आडवा व्रण राहिला. नदीवर जाणे त्यांनी त्या दिवसापासून सोडले. पुढे माझ्या ध्यानात आले की ते श्राद्धपक्षासही पंगतीस बसत नाहीत. प्रकृतीचे निमित्त सांगतात. कारण एवढेच की सोवळे नेसून उघड्या अंगाने बसावे लागते. एकदा तपासणीसाठी आम्ही गेलो असता मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर बायकांची रांग होती. तेथील सेवकाने त्यांचा कागद न वाचताच 'बाईसाहेबांना आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा' असे मोठ्याने सांगितले. मित्रांनी कागद परत घेतला आणि सरळ घरी आले. त्यानंतर चौदा महिने ते तपासणीस गेले नाहीत. त्या सेवकाचा हेतू वाईट नव्हता. पण या रोगातून उठलेला पुरुष किती लहान गोष्टीने माघारी फिरतो हे मी त्या दिवशी पाहिले. शेवटी त्यांच्या पत्नीने मार्ग काढला. त्या स्वतः बरोबर जाऊ लागल्या, आधी दूरध्वनी करून पहिल्या वेळेची नोंद करू लागल्या, आणि त्यांनी घरात रोगाचे खरे नाव उच्चारावयास आरंभ केला. नाव उच्चारले गेले तेव्हापासून, मित्र सांगतात, गोळी सर्वांसमोर पाण्याच्या पेल्याबरोबर घेता येऊ लागली; तोवर ते ती कपाटामागे उभे राहून घेत.

थोरामोठ्यांसही ही लाज सुटलेली नाही. रिचर्ड राउंडट्री या अमेरिकन नटास १९९३ साली हा रोग झाला. चित्रपटांतील त्याची ख्याती बेडर पुरुषाच्या भूमिकांसाठी. कामे मिळेनाशी होतील या भयाने त्याने काही वर्षे तो गुप्त ठेवला, आणि पुढे मात्र जाहीर सभांतून त्याविषयी बोलू लागला. त्यानंतर तो तीस वर्षे जगला. एडवर्ड ब्रुक हे अमेरिकेच्या सिनेटचे माजी सभासद. त्यांस २००२ साली, वयाच्या ऐंशीनंतर, हा रोग झाला. पुढील वर्षी त्यांनी तो प्रसिद्ध केला, आणि २०१५ साली ते पंचाण्णवाव्या वर्षी वारले. बारा-तेरा वर्षे ही या वयात थोडी नव्हेत.

आता वन्संचा प्रश्न, जो मला या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्या प्रत्येकाच्या पेशींत बी.आर.सी.ए.-१ व बी.आर.सी.ए.-२ या नावांची जनुके असतात. पेशीतील बिघाड दुरुस्त करणे हे त्यांचे कार्य. पहिले १९९४ साली व दुसरे १९९५ साली शोधून काढण्यात आले. यांपैकी एखादे जन्मतःच सदोष असेल तर कर्करोगाचा धोका वाढतो. पुरुषांच्या बाबतीत दुसऱ्याचा संबंध विशेष येतो. ते सदोष असलेल्या पुरुषांपैकी शंभरांत सुमारे सातजणांस आयुष्यात स्तनकर्करोग होतो. प्रोस्टेट व स्वादुपिंड यांचा धोकाही अधिक असतो. हा दोष बापाकडून मुलांत उतरण्याचा संभव प्रत्येक अपत्यागणिक निम्मा, मग तो मुलगा असो वा मुलगी. पण मुलीच्या वाट्यास आला तर स्तनकर्करोगाचा तिचा धोका निम्म्याच्या वर जातो, आणि बीजकोशाच्या कर्करोगाचाही वाढतो. आपल्याकडे अशी दृढ समजूत आहे की हा रोग आईच्या माहेरून येतो. ती खोटी आहे. तो बापाकडूनही येतो, आणि बापास रोग झालेला असणे हीच त्याची मोठी सूचना. म्हणून अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात, स्तनकर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषास जनुकीय सल्ला व तपासणी देऊ करावी, असे म्हटले आहे. बहुतेकांत हा दोष सापडत नाही. सापडत नाही हेही कळणे मोलाचे असते.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. तपासणी प्रथम ज्याला रोग झाला त्याची करावयाची; थोडे रक्त किंवा लाळ पुरते. मामंजींत दोष मिळाला तर मुलींत व मुलांत नेमका तोच शोधता येतो; न मिळाला तर मुलींवरील मोठा भार बहुतांशी उतरतो. आधी मुलीची तपासणी करून काही मिळाले नाही, तर बापात होता आणि तिच्यात उतरला नाही, की मुळातच नव्हता, हे सांगता येत नाही. तेव्हा ही तपासणी करून घेण्याची सर्वांत योग्य व्यक्ती आज मामंजी आहेत, आणि मागाहून त्यांची जागा दुसऱ्या कोणास घेता येणार नाही. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. अन्य मोठ्या शहरांतूनही आता सोय झाली आहे.

लग्न ठरेपर्यंत बोलू नये, हे म्हणणे मला समजते, पटत नाही. मुलीत दोष सापडलाच तर तिला करावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पंचविशीपासून दरवर्षी एम.आर.आय., तिशीपासून मॅमोग्राफी, आणि मुले झाल्यानंतर चाळिशीच्या पुढे बीजकोश काढण्याचा विचार. या वयांचा आणि लग्नाच्या वयाचा मेळ पाहा. आपण तिच्यापासून जे लपवितो ते नेमके त्याच वर्षांत तिला हवे असते. भावी सासरी काय सांगावे, केव्हा सांगावे, तपासणी करावी की न करावी, हा तिचा अधिकार. ती सज्ञान आहे. पण तिला स्वतःला ठाऊकच नसावे, हा अधिकार कोणाचाही नाही, बापाचाही नाही. प्रख्यात गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी सदऱ्यावर रक्ताचा ठिपका पाहून तपासणी केली, रोग निघाला, बी.आर.सी.ए.-२ चा दोषही निघाला. २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते सर्व जगासमोर सांगितले, ते मुलांनी सावध व्हावे म्हणून. मुलगी जगप्रसिद्ध असल्याने लपविण्याचे कारण त्यांना आपल्यापेक्षा अधिक होते.

मग सुनेने काय करावे? माझ्या मते आरंभ सासूबाईंपासून करावा. गोळी का सुटली हे ज्यांस खरोखर ठाऊक असते त्या त्याच. त्यांना या लेखातील वाफा व चिडचिड यांविषयीचा भाग वाचून दाखवावा. उरलेले त्या आपण होऊन ओळखतील. मामंजींशी गोळीविषयी बोलणे मुलाचे काम, आणि ते चारचौघांत नव्हे, फिरावयास गेले असता करावे. 'तुम्ही गोळी का सोडलीत?' असे न विचारता, 'त्रास कमी करता येतो, आपण डॉक्टरांस भेटू' असे म्हणावे, आणि तपासणीच्या खोलीत मुलाने पाच मिनिटे बाहेर थांबावे, म्हणजे त्यांस मोकळेपणी बोलता येईल. गोळी मध्यंतरी बंद झाली असली तरी सर्व गेले असे समजू नये. पुन्हा सुरू करावी किंवा कशी, हे डॉक्टर सांगतील. आपल्या मनाने सुरू करू नये. मुलींना मात्र स्वतः मामंजींनी सांगावे. सुनेच्या तोंडून ते जाऊ नये. थोरलीस आधी, समक्ष. पत्रातून किंवा दूरध्वनीवरून नको.

याबरोबर एक काम सुनेस आजच करता येण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेचा वृत्तांत, गाठीच्या परीक्षणाचा अहवाल (यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-२ यांच्या तीन ओळी असल्याची खात्री करावी), शिरेतून दिलेल्या औषधांची नावे व मात्रा, किरण कोणत्या बाजूस व किती दिले त्याचा कागद, आणि गोळी सुरू झाल्याची व बंद झाल्याची तारीख, हे सर्व एका जाड पुठ्ठ्याच्या फाइलीत लावून ठेवावे. दहा वर्षांनी डॉक्टर बदललेले असतात, कधी गावही बदललेले असते, आणि इस्पितळांतून जुने कागद मिळतीलच असे नाही. मामंजींनी मुलींना सांगितले म्हणजे त्या फाइलीची एक-एक प्रत दोघींकडेही द्यावी.